मदतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजवताय? पुण्यातल्या नवीन बँडसाठी सगळं पहिल्यापासून

गेल्या महिन्यात आमच्या जॅमरूमच्या जिन्यात एका नवीन बँडची पोरं भेटली, चौघंही सेकंड इयरची. त्यांच्या शाळेतल्या शिपाईकाकांचं डायलिसिस सुरू झालंय, त्यांच्यासाठी कार्यक्रम करायचाय, ताई सुरुवात कुठून करायची असं विचारलं. जिन्यात उभ्या उभ्या जेवढं आठवलं तेवढं सांगितलं, पण घरी आल्यावर लक्षात आलं की निम्मं राहूनच गेलं, आणि जे राहिलं तेच जास्त महत्त्वाचं होतं. म्हणून हे नीट लिहून काढतेय.

मी कीबोर्ड वाजवते, पुण्यात बारा वर्षं झाली. मदतीचे कार्यक्रम पंधरा-सोळा तरी झाले असतील, काही नाट्यगृहात, काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एक तर मंगल कार्यालयात, दुपारचं लग्न उरकल्यावर लगेच संध्याकाळी. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आम्ही आठ दिवसांत एक कार्यक्रम उभा केला होता, हॉल भरला, लोक रडले, गाणी उत्तम झाली, आणि दुसऱ्या दिवशी एका बाईंनी फोन करून साधा प्रश्न विचारला की एकूण किती जमले आणि किती पोचले. आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुणीच काही खाल्लं नव्हतं, पण टेम्पोचे कुणी दिले, बॅनरचे कुठून गेले, गेटवरची रोकड कुणाकडे होती, काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन आठवडे बसून जुळवलं. त्या दोन आठवड्यांत जे शिकले तेच खाली आहे.

आधी माणूस, मग गाणी

पहिली मीटिंग सेटलिस्टची, म्हणजे कुठली गाणी वाजवायची त्याची, नको. पहिली मीटिंग ज्याच्यासाठी करताय त्याच्या घरच्यांबरोबर किंवा संस्थेबरोबर. किती पैसे लागणारेत, कशासाठी, कधीपर्यंत, आणि ते नक्की कुणाच्या खात्यात जाणार, हे चार प्रश्न कागदावर.

पेशंटसाठी असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, तिथे मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांना हे सगळं रोजचं असतं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्याच लागतात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ कक आहे त्यासाठी. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही येतं. म्हणजे जे काम कागदपत्रांनी होण्यासारखं आहे ते आधी करा, मग खरी किती रक्कम कमी पडतेय ते कळतं, आणि मग तुमच्या कार्यक्रमाचा आकार ठरतो. कधी कधी कळतं की ऑपरेशनचा खर्च योजनेत बसतोय पण गावाहून येणाऱ्या बायकोची राहण्याची सोय नाही, औषधं बाहेरून आणावी लागतायत. मग कार्यक्रम त्यासाठी करायचा आणि पोस्टरवर तसंच लिहायचं.

आणि एक, पेशंटचा फोटो पोस्टरवर टाकायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. नळ्या लावलेला फोटो तर मागूच नका. लहान मूल असेल तर स्टेजवर आणून उभं करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते मूल उद्या बरं होऊन शाळेत जाणारे.

पैसे कुठल्या खात्यात

हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत ट्रस्टबरोबर कार्यक्रम करणं. ट्रस्टचं पत्र घ्या की आमच्यासाठी अमुक तारखेला अमुक बँड कार्यक्रम करतोय आणि निधी आमच्या खात्यात जमा होईल. क्यूआर कोड ट्रस्टच्याच खात्याचा. तुमच्या ड्रमरचा किंवा कुणाच्या ताईचा नाही, भले ती कितीही विश्वासू असू दे. पेशंट एकटा असेल तर चेक किंवा ट्रान्सफर थेट हॉस्पिटलच्या नावाने, पेशंटचा रजिस्ट्रेशन नंबर घालून.

ट्रस्ट नसेल आणि तुम्ही आपले मित्रमंडळ म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली. गणपती मंडळं दरवर्षी जी काढतात ना, तीच. त्याचा हिशोबही नंतर द्यावा लागतो. बऱ्याच नवीन पोरांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं चांगल्या कामाला कसली परवानगी.

एटीजीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मिळणार का, हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, पहिल्या रांगेतले काका मध्यंतरात येऊन विचारतातच. उत्तर आधीच ट्रस्टच्या सीएकडून घेऊन ठेवा. ढोबळ गोष्ट अशी की तिकीट म्हणजे देणगी नाही, त्या बदल्यात माणूस कार्यक्रम बघतोय, त्यामुळे तिकिटावर करसवलत असं पोस्टरवर छापू नका. ज्याला वेगळी देणगी द्यायचीय त्याच्यासाठी वेगळं टेबल, वेगळं पावतीपुस्तक, पॅन नंबर लिहून घ्यायचा, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही हे आधीच सांगायचं, म्हणजे तो चेक किंवा यूपीआय करेल.

खात्याचं आधी ठरवलं नाही तर काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या रविशंकरांच्याच कार्यक्रमाचं आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सतारवादक रविशंकर आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एका दिवसात दोन कार्यक्रम केले, जवळपास ४०,००० लोक आले, तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. पण नंतर जी रेकॉर्ड निघाली तिचे पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले, कारण हा सगळा व्यवहार धर्मादाय आहे अशी नोंद कार्यक्रमाच्या आधी केलेली नव्हती. एवढी मोठी माणसं, एवढा चांगला हेतू, आणि अडलं ते एका अर्जावर.

आपल्याकडेही ही परंपरा जुनीच आहे बरं का. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एकत्र उभे राहिले आणि संयुक्त मानापमान केलं. त्यामुळे तुमच्या बँडचं आणि शेजारच्या बँडचं पटत नसलं तरी एका संध्याकाळपुरतं जमवायला हरकत नाही.

कोण काय सोडणार

मला या सगळ्यात एकच गोष्ट ठासून सांगायचीय ती ही. आपण फुकट वाजवतो ही आपली देणगी. साऊंडवाल्याने फुकट यावं ही आपली देणगी नाही, ती त्याची आहे, आणि ती मागायचा आपल्याला हक्क नाही. त्याने आपणहून सोडले तर मोठ्या मनाने घ्या आणि स्टेजवरून त्याचं नाव घ्या. पण "चांगल्या कामासाठी आहे दादा, बघा ना काही" असं म्हणत त्याला निम्म्यावर आणणं, हे मी स्वतः सुरुवातीला केलंय आणि ते चूक होतं. त्याची चार पोरं सकाळी सातला टेम्पो भरतात, बॉक्स जिन्याने वर चढवतात, रात्री साडेबाराला परत उतरवतात. त्यांची रोजची मजुरी आहे ती. लाइटवाला, जनरेटरवाला, हॉलचा वायरमन, सफाईच्या मावशी, यांचे पैसे पूर्ण आणि त्याच रात्री.

मग पैसे उरणार कसे? समजा ३०० तिकिटं, २०० रुपये एक, झाले ६०,०००. हॉल, साऊंड, लाइट, टेम्पो, छपाई, चहा-नाश्ता मिळून समजा ३८,००० गेले, तर पेशंटला मिळाले २२,०००. तिकीट काढणाऱ्याला वाटतं आपले २०० पोचले, खरं पोचले सत्तर-पंचाहत्तर. हे मला पटत नाही. म्हणून खर्च आधी बाहेरून गोळा करा. हॉलचं भाडं एखाद्या क्लिनिकच्या डॉक्टरांनी द्यावं, साऊंडचं बिल चौकातल्या स्वीट मार्टने, छपाई प्रेसवाल्याने कागदाच्या भावात, आणि बदल्यात बॅनरवर नाव, निवेदनात उल्लेख. खर्च असा निघाला की पोस्टरवर छातीठोकपणे छापता येतं की तिकिटाचा सगळा पैसा पेशंटला जाणार. त्या एका ओळीने तिकिटं खपतात, आमचा अनुभव आहे. आणि जर खर्च निघाला नाही तर तसं छापू नका, "खर्च वजा जाता" असं स्वच्छ लिहा.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर संगीताच्या कार्यक्रमावर जीएसटी लागत नाही. नवीन बँडला त्याच्या वर जायची तशीही गरज नाही.

तारीख आणि जागा

पुण्यात तारीख काढणं म्हणजे पंचांग बघण्यासारखंच आहे. गणपतीच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस साऊंडवाले मिळत नाहीत, मिळाले तर भाव वेगळे. त्या काळात संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव चालू असतो, तुमच्या गाण्यात तो ऐकू येणारच. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आणि कॉलेजची गॅदरिंग, त्यात लग्नसराई. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, आईबाप घराबाहेर पडत नाहीत. जून ते सप्टेंबर उघड्यावर विचारच करू नका. आम्हाला नोव्हेंबरचा मधला भाग, जानेवारी, आणि एप्रिलचा पहिला आठवडा बरा पडलाय.

जागेचं म्हणाल तर बालगंधर्व रंगमंदिराची हौस सगळ्यांना असते. १९६८ पासूनचं ते स्टेज, तिथे वाजवायचं स्वप्न माझंही होतं. पण जवळपास हजार खुर्च्या आहेत, तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला दोनशे लोक आले तर हॉल रिकामा दिसतो आणि बँडचा जीव जातो. महापालिकेच्या नाट्यगृहांच्या शनिवार-रविवारच्या तारखा नाटकवाले खूप आधी धरून ठेवतात, आणि तिथे सत्राप्रमाणे वेळ मिळते, म्हणजे तुमच्या आधीच्या सत्रात नाटक असेल तर त्यांचा सेट निघेपर्यंत तुमचे ड्रम्स पॅसेजमध्ये. लहान हॉल घ्या, शाळेचा, एखाद्या संस्थेचा, दोनशे-अडीचशेचा. भरलेला लहान हॉल कधीही चांगला. बुक करायच्या आधी स्वतः जाऊन तीन गोष्टी बघा: स्टेजपर्यंत सामान न्यायला लिफ्ट आहे की जिना, व्हीलचेअर आत येते का (पेशंटचं कार्यक्रमाला येणं शक्य असेल तर हे लागतंच), आणि प्लग कुठे आहेत.

सोसायटीत किंवा मैदानात करणार असाल तर आवाजाचे नियम पाठ हवेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद, २००० सालचे केंद्राचे नियम आहेत. वर्षातले काही मोजके दिवस रात्री १२ पर्यंत सूट असते, पण ते सणांना जातात, आपल्या वाट्याला येत नाहीत. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतालचं १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. ड्रम किट जवळून सहज १०० डेसिबलच्या वर जातं, तेव्हा पार्किंगमध्ये पूर्ण किट लावूच नका, काजोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) किंवा ब्रशेस घ्या, अँप लहान. पोलीस स्टेशनला अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या, सोबत ट्रस्टचं पत्र, जागेच्या मालकाचं पत्र, वेळ. आणि कागदी परवानगीच्या पलीकडचं एक काम: समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजारी आहे का, कुणाचं बाळ लहान आहे का हे आदल्या दिवशी जाऊन विचारा, दोन पास द्या. त्यानंतर एकदाही आमच्याकडे तक्रार आलेली नाही. कार्यक्रम ९:४५ ला संपेल असा आखा, १० ला नाही.

गाणी कुणाची आहेत?

इथे भलेभले चुकतात. मदतीचा कार्यक्रम आहे म्हणून कॉपीराइट माफ, असं नसतं. कायद्यात सूट आहे ती अशी: हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता सादर केलं तर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं तर. तुम्ही तिकीट लावून पेशंटसाठी करताय, म्हणजे दोन्हींत बसत नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन्स घ्या, ते आयोजकाच्या नावाने निघतं, बँडच्या नाही, हे कुणी घ्यायचं ते पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवा. मध्यंतरात मूळ रेकॉर्डिंग लावणार असाल तर त्याचे हक्क आणखी वेगळ्या लोकांकडे असतात, त्यापेक्षा मध्यंतरात काहीच लावू नका, लोकांना बोलू द्या.

अभंग फ्यूजन करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुम्ही ज्या चालीत म्हणताय ती चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं तिचा हक्क राहतो. स्वतःची चाल लावा की! नवीन बँडला त्याच्याइतकी चांगली संधी नाही, शब्द असे मिळतायत की आयुष्यभर चाली लावल्या तरी पुरतील.

गाणी निवडताना समोर कोण बसणारे ते डोळ्यासमोर आणा. मदतीच्या कार्यक्रमाला पबमधली गर्दी नसते. पेशंटचे नातेवाईक, शाळेतले जुने शिक्षक, सोसायटीतल्या आज्या, कडेवरची पोरं. म्हणून सगळं मवाळच वाजवा असं मी म्हणत नाहीये, आमच्या एका जोरदार ओरिजिनल गाण्याला सत्तरीच्या आजोबांनी उभं राहून टाळ्या दिल्यात, पण सुरुवात ओळखीच्या वाटेने करा आणि आवाज कानाला लागेल एवढा वाढवू नका. दुःखी गाणी एकापाठोपाठ एक नकोत. लोक आधीच जड मनाने आलेले असतात, त्यांना थोडा श्वास द्या.

किती बँड, किती वेळ

तीन. फार तर चार. सहा-सात बँड घेतले की प्रत्येकाचे मित्र येतात आणि आपला बँड झाला की उठून जातात, शेवटच्या बँडला खुर्च्या बघून वाजवावं लागतं. नवीन बँडला २५ मिनिटं बास झाली, त्यात साडेचार मिनिटांची पाच गाणी आणि थोडं बोलणं, एवढंच बसतं. पाचवं गाणं कापायला लागलं तर कुठलं कापायचं ते आधीच ठरलेलं असू दे.

पण वेळ खरा खातं कोण माहितीये? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं मनोगत. बघता बघता पन्नास मिनिटं. आयोजकांशी आधी प्रेमाने पण स्पष्ट बोला: सगळा औपचारिक भाग मिळून १० मिनिटं, सत्कार एकाच वेळी, आणि तोही पहिल्या बँडनंतर. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर एखाद्या चेंजओव्हरमध्ये बोलू द्या, पडद्यामागे ड्रम्स हलवेपर्यंत पुढे कुणीतरी बोलत असणं बँडच्याही सोयीचं असतं. हे आम्हाला एका नाटकवाल्या मित्राने शिकवलं, फिरोदिया करंडक ही कॉलेजांची स्पर्धा केलेली पोरं सेट बदलण्यात पटाईत असतात, तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला स्टेज मॅनेजर करा आणि त्या दिवशी त्याचंच ऐका.

साऊंडवाल्याला काय द्यायचं (पैशाशिवाय)

एक कागद. त्यावर स्टेजचं चित्र, कोण कुठे उभं राहणार, आणि खाली इनपुट लिस्ट: किक, स्नेअर, ओव्हरहेड, बास डीआय (बास थेट मिक्सरला जोडायचा डबा), गिटार अँप माइक, कीबोर्ड दोन लाइन, लीड व्होकल, कोरस. कुणाला मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय हवंय. प्रत्येक बँडने आठ दिवस आधी पाठवायचा. नुसतं "आम्ही पाच जण आहोत" असा मेसेज त्याच्या काही कामाचा नसतो.

ड्रम किट सगळ्यांत एकच, पण स्नेअर, सिंबल्स आणि पेडल ज्याने त्याने आपलं आणायचं. गिटार अँपही शेअर करा. प्रत्येक बँडने आपापलं सगळं आणलं तर चेंजओव्हर पंचवीस मिनिटं, शेअर केलं तर दहाच्या आत, आम्ही घड्याळ लावून बघितलंय.

साऊंडचेक उलट्या क्रमाने. शेवटी वाजवणारा बँड आधी, पहिला बँड सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांचं सेटिंग तसंच राहतं आणि कार्यक्रम तिथूनच सुरू होतो. मधल्या बँडचा क्रम आला की फक्त लाइन चेक, म्हणजे एकेक वायर वाजतेय ना एवढंच, तिथे गाणी म्हणत बसायचं नाही. आणि साऊंडचेकमध्ये सगळ्यांनी एकदम आपापलं वाजवत बसू नका. तो किक म्हणाला की फक्त किक.

आता वीज. मला याची खरंच काळजी वाटते म्हणून दोन ओळी जास्त. जुन्या हॉलमध्ये, सोसायटीत, अर्थिंग धड नसतं. गिटारचा अँप एका पॉइंटवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असेल तर गिटारवाल्याचे ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो, आमच्या गिटारिस्टला बसलाय, सुदैवाने हलका होता. स्टेजवरचं सगळं एकाच जागेवरून घ्या, लाइटची लाइन वेगळी ठेवा (नाहीतर डिमरची घरघर स्पीकरमध्ये येते), आणि वायरमनला आदल्या दिवशीच अर्थिंग तपासायला लावा. तीन पिनांतली अर्थची पिन काढलेली एक्स्टेंशन बोर्ड कुणी आणली तर ती स्टेजवर येऊ देऊ नका, गुणगुण बंद होते म्हणून पोरं हा उद्योग करतात, त्यात जीव जाऊ शकतो.

बॅगेत काय असावं: जास्तीच्या तारा, जास्तीच्या केबल, नऊ व्होल्टचे सेल, ट्यूनर, गॅफर टेप, छोटा टॉर्च, छापील सेटलिस्टच्या चार कॉपी, कीबोर्डचा स्वतःचा अडॅप्टर. कनेक्टर-जॅक वगैरे तपकीर गल्लीत मिळतात, पण रविवारी सकाळी धावत जाऊ असं मनात धरू नका, आदल्या आठवड्यात आणून ठेवा.

त्या दिवशी

सहाचा कार्यक्रम असेल तर सामान साडेअकराला आत. दोनपर्यंत साऊंड उभा, दोन ते साडेचार चेक, पाचला दारं उघडायची. सगळ्या बँडनी दुपारपासून थांबायचं, आपला चेक झाला की घरी जाऊन येतो म्हणणारा माणूस सिंहगड रोडला अडकतोच. जेवण तिथेच, पोळीभाजीचे डबे सांगा, साऊंडच्या पोरांनाही तेच, त्यांना वेगळं काही नाही.

गेटवर दोन माणसं, दोघं बँडबाहेरची. एक तिकीट, एक रोकड लिहिणारा. एक बंद डबा, चावी ट्रस्टच्या माणसाकडे. तिकिटांवर नंबर असू द्या, उरलेली तिकिटं फाडू नका, हिशोबाला लागतात.

स्टेजवर गेल्यावर आजाराबद्दल, दुःखाबद्दल भाषण देऊ नका. एकदाच, तुमच्या दुसऱ्या गाण्यानंतर, साध्या भाषेत सांगा की आज इथे का जमलोय, किती रक्कम हवीय, बाहेर टेबल कुठे आहे. एवढंच. पेशंटच्या घरचं कुणी समोर बसलेलं असतं आणि त्यांना प्रत्येक बँडकडून आपली कहाणी पुन्हा पुन्हा ऐकणं किती जड जातं हे मी एकदा अगदी जवळून बघितलंय. एक ताई होत्या, नवरा आयसीयूत. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाल्या, "तुमचं ते तिसरं गाणं चालू होतं ना, तेवढा वेळ मी सगळं विसरले होते." त्या दिवसापासून मी गाण्यांच्या मधलं बोलणं निम्म्यावर आणलं.

चूक झाली, तार तुटली, सूर गेला, तर थांबू नका, वाजवत राहा. आणि तुमचा वेळ संपला की उतरा. "वन्स मोअर" आला तरी पुढच्या बँडचा वेळ आहे तो.

तुमचं झाल्यावर लगेच खाली जाऊन बसा आणि बाकीचे बँड ऐका. पहिल्या रांगेत नाही, मागे, पण बसा.

दुसऱ्या दिवशीपासून

रात्री हॉल सोडायच्या आधी गेटवरची रोकड ट्रस्टच्या माणसासमोर दोघांनी मोजायची, आकडा कागदावर, तिघांच्या सह्या, फोटो. साऊंड-लाइटचे पैसे देऊन पावती घ्यायची, कच्ची असली तरी चालेल पण हवी. रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत, कुणाच्या कपाटात नाही.

आठ दिवसांच्या आत हिशोब. किती तिकिटं विकली, किती पास दिले, देणगी किती, प्रायोजकांचे किती, खर्च कशाचा किती, आणि शेवटी ट्रस्टला किंवा हॉस्पिटलला किती गेले त्याची तारीख आणि पावतीचा फोटो. एका पानात बसतं. ते पान सगळ्या बँडना, सगळ्या प्रायोजकांना, आणि ज्यांचा नंबर तिकीट घेताना लिहून घेतला त्या सगळ्यांना पाठवा. पावतीवर पेशंटचा रजिस्ट्रेशन नंबर दिसत असेल तर तो झाकून मगच पाठवा. रक्कम ठरवल्यापेक्षा कमी पडली असेल तर तेही लिहा, लपवू नका. आमचं एकदा ५०,००० ठरलं होतं आणि ३१,००० झाले, तसंच लिहून पाठवलं, आणि ते पान वाचून त्याच आठवड्यात लोकांनी आणखी ११,००० थेट हॉस्पिटलला भरले.

त्या जिन्यातल्या पोरांना मी माझ्या जुन्या हिशोबाचं कोरं पान देऊन ठेवलंय. काल त्यांचा मेसेज आला, शिपाईकाकांचे योजनेचे कागद सोशल वर्करकडे दिलेत, दोन आठवड्यांत कळेल किती कमी पडतायत ते, तोवर हॉल बुक करत नाही पण तालीम सुरू केलीय. सेटलिस्ट विचारली तर पाच गाण्यांतली तीन त्यांची स्वतःची आहेत म्हणाले.